तिकीट मोफत, पायरी उंच : तामिळनाडूतील दिव्यांग सेवा आणि सुगम्यतेचा प्रश्न

चेन्नई : शहराच्या दक्षिणेकडील पेरुंगुडी हे उपनगर महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांना माहीत आहे, ते तेथील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांमुळे. जुन्या महाबलीपुरम मार्गावरील, म्हणजेच आजच्या राजीव गांधी सलाईवरील या भागात देशभरातून आलेले तरुण नोकरीनिमित्त राहतात. एका बाजूस काचेच्या उंच इमारती, दुसऱ्या बाजूस पल्लिकरणैची दलदल आणि तिच्या कडेला शहराचा जुना कचरा डेपो, असा हा परिसर आहे. २०११ मध्ये महानगरपालिकेची हद्द सुमारे ४२६ चौरस किलोमीटरपर्यंत वाढली, तेव्हा पेरुंगुडी शहरात समाविष्ट झाले. महापालिकेच्या पंधरा विभागांपैकी चौदावा विभाग याच नावाने ओळखला जातो.

२०२१ पासून तामिळनाडूत शहरी मार्गांवरील साध्या बसगाड्यांतून महिलांबरोबरच दिव्यांग प्रवासी आणि त्यांचे मदतनीस यांनाही मोफत प्रवासाची सोय आहे. कागदावर ही सवलत उदार आहे. मात्र चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशाने पेरुंगुडीच्या थांब्यावर या सवलतीचा लाभ घ्यायचा तर आधी बसमध्ये चढता आले पाहिजे, आणि साध्या बसच्या तळाची उंची जमिनीपासून सुमारे ९०० मिलिमीटर असते. सवलत आणि सुगम्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका उदाहरणातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्य कशातून होईल. तिकिटाचे पैसे माफ करण्यास एक शासन आदेश पुरतो. पायरीची उंची कमी करण्यास चेन्नईत अनेक वर्षांचा न्यायालयीन संघर्ष लागला.

कायद्याची चौकट

संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुमोदन दिले. या कराराने दिव्यांगत्वाकडे पाहण्याची दिशा बदलली. व्यक्तीच्या शरीरातील उणिवेपेक्षा समाजाने उभ्या केलेल्या अडथळ्यांवर त्याचा भर आहे. त्याला अनुसरून केलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात ते २१ झाले. शासकीय नोकऱ्यांत किमान चार टक्के आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के आरक्षणाची तरतूद झाली. सार्वजनिक इमारती, वाहतूक, माहिती आणि सेवा सर्वांना वापरता येतील अशा करण्याचे बंधनही याच कायद्याने घातले. नियम अधिसूचित झाल्यापासून अस्तित्वातील सार्वजनिक इमारतींसाठी पाच वर्षांची, तर सेवा पुरवणाऱ्यांसाठी दोन वर्षांची मुदत होती. नियम १५ जून २०१७ रोजी आले. अर्थात दोन्ही मुदती केव्हाच उलटून गेल्या आहेत.

या विलंबामागे केवळ अनास्था होती असे म्हणता येत नाही, कारण नियमांतच एक पळवाट राहिली होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नियम १५(१) हा मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायद्याची भाषा सक्तीची असताना नियमांत दिलेली मानके मात्र केवळ शिफारशीच्या स्वरूपाची होती, हे न्यायालयाने दाखवून दिले आणि ज्यांचे पालन अनिवार्य असेल अशी मानके वेगळी काढून तीन महिन्यांत निश्चित करण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातील दिव्यांगत्व अध्ययन केंद्राने देशभरातील स्थितीचा जो अहवाल सादर केला होता, तो या निकालाचा एक प्रमुख आधार ठरला.

शब्दांचा प्रश्नही येथे नोंदवण्याजोगा आहे. मराठीत ‘अपंग’ या शब्दाची जागा गेल्या दहा वर्षांत ‘दिव्यांग’ने घेतली. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी हा शब्द सुचवल्यानंतर तो शासकीय व्यवहारात रूढ झाला. चळवळीतील अनेकांना मात्र त्यातील दैवी छटा खटकते. तामिळमध्ये ‘माट्रुत्तिरनाळी’, म्हणजे वेगळी क्षमता असलेली व्यक्ती, हा शब्द एम. करुणानिधी मुख्यमंत्री असताना शासनाने स्वीकारला आणि दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभागही त्यांच्याच काळात, २०१० मध्ये, स्थापन झाला. महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागाची घोषणा ३ डिसेंबर २०२२ रोजी, आंतरराष्ट्रीय दिव्यांग दिनी, तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी केली. त्यासाठी १,१४३ कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. त्याआधी हा विषय सामाजिक न्याय विभागाच्या कक्षेत होता.

बसची लढाई

बसगाड्यांच्या तळाच्या उंचीचे साधारण तीन प्रकार मानले जातात : ४०० मिलिमीटरची लो-फ्लोअर, ६५० मिलिमीटरची सेमी लो-फ्लोअर आणि ९०० मिलिमीटरची नेहमीची. यांपैकी पहिल्या प्रकारातच उतरती फळी लावून चाकाची खुर्ची विनासायास आत नेता येते. काही गाड्यांत थांब्याच्या बाजूला झुकण्याची यांत्रिक सोयही असते, तीमुळे हे अंतर आणखी कमी होते. वृद्ध, गर्भवती आणि लहान मुलांना घेऊन प्रवास करणाऱ्यांनाही याचा तितकाच उपयोग होतो. किंबहुना लो-फ्लोअर बसचे बहुसंख्य लाभार्थी दिव्यांग नसतातच.

चेन्नईतील दिव्यांग हक्क कार्यकर्त्या वैष्णवी जयकुमार यांनी या प्रश्नावर मद्रास उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. नव्याने घेतल्या जाणाऱ्या सर्व बसगाड्या २०१६ च्या कायद्यानुसार सुगम्य असाव्यात, ही मागणी होती. राज्याची बाजू व्यावहारिक अडचणींवर आधारलेली होती. लो-फ्लोअर गाड्यांची किंमत अधिक आहे, रस्ते अरुंद आणि खड्ड्यांचे आहेत, गतिरोधक उंच आहेत आणि पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्यात या गाड्या चालणार नाहीत, असे परिवहन विभागाचे म्हणणे होते. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पावसाळ्यात दक्षिण चेन्नईतील रस्ते पाहिलेल्या कोणालाही तो पटण्यासारखा आहे. मात्र त्याचा निष्कर्ष विचित्र निघतो : रस्ता खराब आहे म्हणून प्रवाशाने घरी बसावे. न्यायालयाने वेळोवेळी खरेदीला अटकाव केला, अटी घातल्या आणि अखेर गाड्यांच्या एका हिश्श्यापुरते का होईना, लो-फ्लोअरचे बंधन राज्याला स्वीकारावे लागले.

त्याचे फळ ऑगस्ट २०२४ मध्ये दिसले. त्या महिन्यात चेन्नईच्या महानगर परिवहन महामंडळाच्या ५८ नव्या लो-फ्लोअर बसगाड्या रस्त्यावर आल्या. २०२५ मध्ये व्यासरपाडी आणि पेरुंबाक्कम आगारांतून वातानुकूलित व साध्या इलेक्ट्रिक लो-फ्लोअर गाड्यांची भर पडली. पेरुंबाक्कम हे पेरुंगुडीपासून फार दूर नाही, त्यामुळे दक्षिणेकडील या पट्ट्यास त्याचे विशेष महत्त्व आहे. तरीही बस बदलल्याने प्रवास पूर्ण होत नाही. घरापासून थांब्यापर्यंतचा पदपथ सलग हवा, थांब्याची फरसबंदी बसच्या तळाशी जुळणारी हवी आणि चालकाने गाडी कडेला लावून उभी केली पाहिजे. चार फूट अलीकडे, रस्त्याच्या मधोमध थांबलेल्या बसची फळी कोणाच्याच उपयोगाची नसते. बस परिवहन महामंडळाची, पदपथ महापालिकेचा, मोठा रस्ता बहुधा राज्याच्या महामार्ग विभागाचा आणि त्याखालील नाला आणखी कोणाचा तरी. एका खुर्चीच्या दोनशे मीटरच्या वाटेवर अशी तीन-चार कार्यालये उभी असतात.

रेल्वेची कथा थोडक्यात सांगता येते. तिरुमयिलै ते वेळच्चेरी या उन्नत उपनगरी मार्गाचा वेळच्चेरीपर्यंतचा शेवटचा भाग नोव्हेंबर २००७ मध्ये सुरू झाला आणि पेरुंगुडी स्थानक त्याच मार्गावर आहे. फलाट जमिनीपासून बराच उंच असल्याने उद्वाहन चालू असणे ही येथे चैनीची बाब राहत नाही. चेन्नई मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मंजुरी दिली. ११८.९ किलोमीटर लांबीच्या आणि ६३,२४६ कोटी रुपये खर्चाच्या या टप्प्यातील माधवरम ते सिरुसेरी सिपकॉट ही मार्गिका राजीव गांधी सलाईवरून जाते आणि तिच्यावर पेरुंगुडी हे स्थानक नियोजित आहे. नव्या बांधकामात सुगम्यता आराखड्यापासून आणणे तुलनेने स्वस्त पडते. जुन्या इमारतीत ती नंतर बसवताना खर्च आणि सबबी दोन्ही वाढतात.

पारंब्यांची योजना

तामिळनाडूच्या दिव्यांग सेवांमध्ये अलीकडच्या काळातील सर्वांत मोठा बदल ‘राइट्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकल्पातून आला. जागतिक बँकेने जून २०२२ मध्ये या प्रकल्पासाठी १६ कोटी २० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. राज्याचा हिस्सा धरून एकूण खर्च १,७०० कोटी रुपयांहून अधिक आहे. पारंपरिक योजनांपेक्षा त्याची रचना वेगळी आहे. एरवी लाभार्थ्याने कार्यालय शोधायचे, अर्ज करायचा आणि वाट पाहायची, असा क्रम असतो. येथे क्षेत्रीय कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन दिव्यांग व्यक्तींची नोंद करावी, त्यांच्या गरजा समजून घ्याव्यात आणि त्यांना जवळच्या सेवा केंद्राशी जोडून द्यावे, अशी कल्पना आहे.

या सेवा केंद्रांना ‘विळुदुगळ’ असे नाव देण्यात आले आहे. तामिळमध्ये विळुदु म्हणजे वडाची पारंबी. वरून खाली येऊन जमिनीत रुजणारी आणि पुढे झाडालाच आधार देणारी पारंबी, हे रूपक मराठी वाचकास वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. शारीरिक उपचार, व्यवसायोपचार, वाचा व श्रवण उपचार, मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप, मानसिक समुपदेशन, सहाय्यक साधने आणि शासकीय योजनांचे मार्गदर्शन या सेवा एका छताखाली मिळाव्यात, असा त्यांचा उद्देश आहे. जे केंद्रापर्यंत पोहोचू शकत नाहीत त्यांच्यासाठी फिरत्या उपचार वाहनांचीही सोय योजनेत आहे. चेन्नईत असे केंद्र पेरुंगुडीला लागून असलेल्या शोळिंगनल्लूर परिसरात उभे राहिले.

एका छताखालील सेवेचे महत्त्व ज्यांनी अशा मुलांना वाढवले आहे त्यांनाच नेमके ठाऊक असते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकाला आठवड्यातून अनेकदा वेगवेगळे उपचार लागतात. ते वेगवेगळ्या ठिकाणी मिळत असतील तर आई किंवा वडील यांपैकी एकाची नोकरी बहुधा सुटते, आणि प्रत्यक्षात ती आईचीच सुटते. त्यामुळे उपचार केंद्र घरापासून किती अंतरावर आहे, हा प्रश्न आरोग्याइतकाच घराच्या अर्थकारणाचाही असतो. पहिली काही वर्षे मेंदूची घडण वेगाने होत असल्याने या वयात गेलेला काळ भरून काढणे कठीण जाते.

दक्षिण चेन्नईला या क्षेत्रातील संस्थांची जुनी पार्श्वभूमी आहे. पूनम नटराजन यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली आणि आज ‘विद्यासागर’ नावाने ओळखली जाणारी संस्था कोट्टूरपुरम येथे आहे. बहुविध दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठीची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था मुट्टुकाडू येथे २००५ पासून कार्यरत आहे. मरीना किनाऱ्यासमोरील लेडी विलिंग्डन परिसरात ‘म्युझियम ऑफ पॉसिबिलिटीज’ हे दालन राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने विद्यासागरच्या सहकार्याने उभारले. येथील सहाय्यक साधने काचेआड ठेवलेली नाहीत, ती हाताळून आणि वापरून पाहता येतात. स्वयंपाकघर, स्नानगृह किंवा कार्यालयातील टेबल थोडे बदलले की काय शक्य होते, हे तेथे प्रत्यक्ष दिसते.

त्याच मरीनावर २७ नोव्हेंबर २०२२ रोजी समुद्रापर्यंत जाणारा २६३ मीटर लांबीचा लाकडी मार्ग खुला झाला. वाळूत चाके रुतत असल्याने चेन्नईत जन्म काढूनही ज्यांनी लाटेला स्पर्श केला नव्हता, अशांसाठी तो होता. दोन आठवड्यांच्या आतच ‘मांडूस’ चक्रीवादळाने त्याचा काही भाग उखडला. महापालिकेने तो दुरुस्त केला आणि पुढे बेसंट नगरच्या किनाऱ्यावरही तसाच मार्ग बांधण्यात आला.

रक्कम किती, कोणाला

राज्यांच्या सेवांची तुलना करताना सर्वांत आधी मासिक अर्थसाहाय्याकडे लक्ष जाते. तामिळनाडूत तीव्र दिव्यांगत्व, बौद्धिक दिव्यांगत्व, स्नायूंचा क्षय अशा निवडक गटांसाठीचा निर्वाह भत्ता जानेवारी २०२३ पासून दरमहा १,५०० वरून २,००० रुपये करण्यात आला. महसूल विभागामार्फत दिले जाणारे दिव्यांग निवृत्तिवेतन त्याच सुमारास १,००० वरून १,५०० रुपये झाले. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. आंध्र प्रदेशाने जुलै २०२४ पासून ती ६,००० रुपयांवर नेली असून पूर्णतः अंथरुणाला खिळलेल्यांसाठी १५,००० रुपयांची तरतूद आहे. एकाच देशात, एकाच कायद्याखाली, राज्याची सीमा ओलांडली की साहाय्य दुप्पट किंवा निम्मे होते.

महाराष्ट्राची स्वतःची काही वैशिष्ट्ये आहेत. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा, असे राज्याचे धोरण आहे. एसटीच्या प्रवासात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत मिळते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या, त्यांपैकी २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात आणि सुमारे ११ लाख ८० हजार तामिळनाडूत. ती गणना जुन्या वर्गवारीवर आधारलेली होती, हे विसरता येत नाही. २१ प्रकारांनुसार गणना झाली तर हे आकडे वाढतील, यात शंका नाही.

रोजगारासाठी स्थलांतर करणाऱ्यांच्या वाट्याला येथे एक वेगळीच अडचण येते. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, देशभर ग्राह्य आहे. ऑक्टोबर २०२४ मधील नियमदुरुस्तीनंतर दिव्यांगत्वाच्या प्रमाणानुसार ते पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळ्या रंगात दिले जाते. ४० टक्क्यांपेक्षा कमी प्रमाणासाठी पांढरे, ४० ते ७९ टक्क्यांसाठी पिवळे आणि ८० टक्के व त्यापुढे निळे. याच दुरुस्तीने प्रमाणपत्र देण्याची मुदत एक महिन्यावरून तीन महिन्यांवर नेली, ही बाब अर्जदारांच्या दृष्टीने स्वागतार्ह म्हणता येणार नाही. कार्ड देशाचे असले तरी मासिक साहाय्य राज्याचे असते आणि ते रहिवासाशी बांधलेले असते. सोलापूर किंवा नांदेडहून पेरुंगुडीत आलेल्या कुटुंबातील दिव्यांग सदस्याला कार्डाची ओळख सर्वत्र मिळते, पण चेन्नईतील लाभासाठी तेथील रहिवासाचा पुरावा जमवावा लागतो आणि तोपर्यंत मूळ गावची हयातीची पडताळणी चुकण्याचा धोका राहतो. तामिळ न वाचता येणाऱ्यास कार्यालयातील फलक हा आणखी एक अडथळा ठरतो.

सेवा ऑनलाइन झाल्याने फेऱ्या वाचतात, परंतु संकेतस्थळ स्क्रीन रीडरला वाचता आले नाही तर दृष्टिबाधित अर्जदारासाठी ते बंद दारासारखेच असते. माहिती तंत्रज्ञान उत्पादने व सेवांच्या सुगम्यतेसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक असून २०२३ च्या नियमदुरुस्तीने त्याला कायद्याचे बळ मिळाले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आम्लहल्ल्यातील पीडित आणि दृष्टिबाधित व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानली. ग्राहक ओळख पडताळणीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट ज्यांना पूर्ण करता येत नाही, त्यांच्यासाठी पर्यायी मार्ग ठेवण्याचे निर्देश त्या निकालात आहेत.

पाणी चढते तेव्हा

पेरुंगुडीच्या संदर्भात आणखी एका सेवेचा विचार अटळ आहे. २०२३ मध्ये ‘मिचौंग’ चक्रीवादळाचा मुसळधार पाऊस ३ आणि ४ डिसेंबरला चेन्नईवर कोसळला. पेरुंगुडी, पल्लिकरणै, वेळच्चेरी हा सखल भाग पाण्याखाली गेला, वीज आणि दूरध्वनी संपर्क तुटला. ३ डिसेंबर हा दिव्यांग दिन असतो. अशा वेळी उद्वाहन बंद पडते, श्रवणबाधित व्यक्तीला ध्वनिक्षेपकावरील सूचना ऐकू येत नाही, विजेवर चालणारे श्वसनयंत्र काही तासांत थांबते आणि मदतीच्या नावेत चाकाची खुर्ची मावत नाही. २०१६ च्या कायद्याचे कलम ८ आपत्तीच्या काळात दिव्यांगांना समान संरक्षण देण्यास सांगते आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपल्या हद्दीतील दिव्यांगांची नोंद ठेवावी, असेही त्यात म्हटले आहे. घरोघरी जाऊन केलेल्या नोंदी या कामी वापरल्या गेल्या, तर कोणत्या गल्लीत कोणत्या मजल्यावर प्रथम पोहोचायचे, हे पाणी चढण्यापूर्वीच ठरवता येईल.

अशा निर्णयांच्या टेबलाशी दिव्यांग व्यक्ती स्वतः असाव्यात, यासाठी तामिळनाडू विधानसभेत एप्रिल २०२५ मध्ये दोन विधेयके मांडली गेली. सर्व स्थानिक स्वराज्य संस्थांत दिव्यांग सदस्यांच्या नामनिर्देशनाची तरतूद त्यांत होती. शासनाने त्या वेळी दिलेल्या माहितीनुसार नागरी संस्थांत सुमारे ६५०, ग्रामपंचायतींत १२,९१३, पंचायत संघांत ३८८ आणि जिल्हा पंचायतींत ३७ दिव्यांग सदस्य यामुळे येणार होते. जुलैमध्ये इच्छुकांकडून अर्ज मागवण्यात आले. पेरुंगुडी २०११ पर्यंत स्वतंत्र नगर पंचायत होती. ती तशीच राहिली असती तर तिचा स्वतःचा एक सदस्य सभागृहात बसला असता. आता दोनशे प्रभागांच्या महापालिकेतील मोजक्या नामनिर्देशित सदस्यांत तिला वाटा मागावा लागेल.